इतवारीतला जुना आखाडा न पैलवानांचं दुधाचं दुकान, माहिती कशी काढायची?

एम्प्रेसचा_नातू:
नमस्कार मंडळी. माझे आजोबा नागपूरच्या एम्प्रेस कापड मिलमध्ये होते, पाळी सुटली की थेट इतवारीतल्या आखाड्यात. गुडघा गेला न कुस्ती सुटली, मग आखाड्याच्या बाजूलाच दूध-रबडीचं दुकान टाकलं. आजी सांगायची, संध्याकाळी सगळे जुने पैलवान तिथंच बसायचे, कढईतलं दूध पित पित कोणाची कुस्तीची दंगल कुठं ठरली, कोणाचा खांदा उतरला, सगळं तिथंच कळायचं. आता आखाडा नाही न दुकानही नाही, कापडाचं गोडाऊन आहे. मिलही 2002 मध्ये बंद झाली. घरी एकच फोटो, लंगोट लावलेले आठ जण, मागे एक नाव नाही. कोण होते हे लोकं? कुठून सुरुवात करू?

जुनी_पानं:
भाऊ, आधी माणसं सोडा, जागा पकडा. पैलवानाचं नाव गल्लीत एक न कागदावर दुसरंच राहते, नावानं शोधत बसले तर वर्ष जाईल. गोडाऊनच्या पत्त्यावरून सिटी सर्व्हे ऑफिसातून आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा, जागा कोणाकडून कोणाकडे गेली ते त्यात राहते. दुकान भाड्याचं असलं तर आजोबांचं नाव नाही येणार पण मालकाचं येईल न, त्याच्या घरच्यांना जाऊन विचारा. आखाड्याचं मंडळ रजिस्टर असलं तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात शेड्युल वनचा, म्हणजे ट्रस्टच्या नोंदवहीचा उतारा मागा, विश्वस्तांची नावं राहतात. माझ्या मामाच्या आखाड्याचे पाच जण मला असेच सापडले, दोघांची घरं अजून त्याच गल्लीत.

महालवाला:
वर लिहिलं ते बरोबर. एक लक्षात ठेवा, 1960 पर्यंत नागपूर महाराष्ट्रात नव्हतं, आधी मध्य प्रांत व वऱ्हाडची न 1950 पासून मध्य प्रदेशची राजधानी, मग 1956 ते 1960 मुंबई राज्यात, म्हणून जुने सरकारी कागद त्या त्या नावानं शोधा. पेपरच्या जुन्या फाइली पाहताना नागपंचमीच्या आसपासचे अंक आधी काढा, कुस्तीच्या दंगलीच्या बातम्या तेव्हाच जास्त. नागपूरचा इंग्रजी पेपर हितवाद 1911 पासूनचा आहे.

बजरंग_गल्ली:
मारुतीचं मंदिर पाहिलं का? आखाडा मोडला तरी आखाड्यातला मारुती सहसा कोणी हलवत नाही. शनिवारी सकाळी जा, तेल घालायला जे म्हातारे येतात त्यायलेच फोटो दाखवा. मोबाईलवर नको, मोठा प्रिंट काढून न्या, त्यायले बारीक दिसत नाही.

एम्प्रेसचा_नातू:
खरंच मनापासून आभार सगळ्यांचे. आत्याला आत्ताच फोन केला, ती म्हणते गोडाऊनच्या मागं शेंदूर लावलेला मारुती अजून आहे न डावीकडून तिसरा माणूस आखाड्याचा वस्ताद, त्याच्याच हातचं दूध ती लहानपणी प्यायची. प्रिंट टाकला आहे, शनिवारी जातो न इथंच लिहितो.