चर्चा: रानातला पातेरा (गळून पडलेला पाला) रानातच राहू द्यावा का?

राहाटीकाठ:
गेल्या मे महिन्यात गावच्या राहाटीत (देवराईत) एक आणि तिला लागून असलेल्या आमच्या वरकसात (उतारावरच्या हलक्या जमिनीत) एक, असे दोन खड्डे खणले. मध्ये फक्त गडगा (दगडी कुंपण) आहे. राहाटीत पातेरा बाजूला केल्यावर वीतभर काळी माती लागली. भर उन्हाळ्यातही तिला किंचित ओल होती, बुरशीचे पांढरे धागे होते, मुठीत दाबली की चुरा व्हायची. गडग्याच्या अलीकडे चार बोटांवर तांबडी खडखडीत माती आणि लगेच जांभा दगड. आजोबा सांगायचे, त्यांच्या लहानपणी दोन्ही बाजूंना सारखंच रान होतं. मग गडग्याच्या अलीकडे कवळ (झाडांच्या पानांसकट फांद्या) तुटत राहिली, पातेरा उचलला गेला, दर वर्षी भाजावळ (पालापाचोळा पसरून जमीन भाजणं) झाली आणि दोनतीनदा वणवाही लागला.

तो काळेपणा सेंद्रिय पदार्थाचा, आणि त्यात निम्म्याच्या आसपास कार्बन असतो. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात देशातल्या जंगलांचा एकूण कार्बनसाठा ७,२०४ दशलक्ष टन दिला आहे. त्यातला निम्म्याहून जास्त मातीत आहे. तरी आपण मोजतो काय, तर रोपं. २०१९ च्या पावसाळ्यात राज्याने ३३ कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं होतं. मातीचं लक्ष्य ठेवल्याचं मी तरी कधी ऐकलं नाही.

जर्मनीत शेतकरी शेकडो वर्षं जंगलातला पाला आणि सुया खरवडून गोठ्यात अंथरायला नेत. त्याने जंगलं खंगली. ती रीत बंद पडली, आणि पुढे देशभर दोनदा माती तपासली तेव्हा, १९९० च्या आसपास आणि मग २००६ ते २००८ मध्ये, वरच्या ३० सेंटिमीटरमध्ये हेक्टरी वर्षाला साधारण ०.४ टन कार्बन वाढलेला दिसला. त्यातला काही वाटा ती जुनी झीज भरून येण्याचा मानतात.

माझं मत स्पष्ट आहे. रानातला पातेरा उचलणं थांबवावं, आणि पर्यायी वनीकरणात (तोडलेल्या रानाच्या बदल्यात दुसरीकडे झाडं लावण्यात) झाडांच्या जोडीला मातीचाही हिशेब मागावा.

खाचरवाला:
ताई, पहिल्या मागणीला माझा ठाम विरोध.

माझ्या आईने पातेऱ्याचे भारे डोक्यावरून आणले. हौस म्हणून नाही. राब (भाताची रोपं करायच्या जागी पसरलेला पातेरा आणि कवळ) भाजला की तणाचं बी मरतं, राखेतून पोटॅश मिळतं, माती भुसभुशीत होते आणि तरवा (भाताची रोपं) मुळासकट अलगद उपटून येतो. युरियाच्या गोणीचे पैसे नव्हते तेव्हा रानानेच आमचं खाचर पोसलं.

आणि रान पातेऱ्यामुळे गेलं हे मला मान्यच नाही. आमच्या शेजारची मालकी रानं ठेकेदाराने बुंध्यापासून तोडली, लाकूड भट्ट्यांना गेलं, मग जेसीबी फिरवून काजू लावला. पहिल्याच पावसात वहाळ (ओढा) तांबडा होऊन वाहत होता. मातीचा साठा गेला तो असा, एका आठवड्यात. भारा वाहणाऱ्या बाईला त्याचा दोष देऊ नका.

आणखी एक. पातेरा गुडघाभर साचू दिला की वणव्याला आयतं सरपण मिळतं. वर्षाला थोडा उचललेला बरा, की पाच वर्षांनी सगळंच जळालेलं?

हिशेबनीस:
मला राहाटीकाठ यांच्या लिहिण्यातला निराशेचा सूर पटला नाही. सोडून दिलेली जमीन भरते, आणि याचा शंभर वर्षांवरचा पुरावा आहे. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडला ब्रॉडबॉक हे गव्हाचं शेत आहे. १८८२ साली त्याचा एक तुकडा कुंपण घालून सोडून दिला. शेजारच्या गीसक्रॉफ्टचा तुकडा १८८६ पासून मोकळा आहे. कुणी काही लावलं नाही, आपोआप जंगल झालं. पुढची सुमारे १२० वर्षं ब्रॉडबॉकने दर हेक्टरी वर्षाला ३.३९ टन कार्बन साठवला, गीसक्रॉफ्टने २ टन. मग नवी लागवड फुकट कशी म्हणता?

राहाटीकाठ:
फुकट म्हटलेलं नाही. पण त्याच आकड्यांची फोड बघा. ब्रॉडबॉकच्या ३.३९ पैकी मातीतले ०.५४, गीसक्रॉफ्टच्या २ पैकी पाला आणि माती मिळून ०.३८. म्हणजे सहावा-पाचवा हिस्सा, बाकी सगळं लाकडात. शिवाय ते थंड हवेचं इंग्लंड. झाड वीस वर्षांत डोळ्यांत भरतं, माती पिढ्या घेते. जुनं रान तोडून दुसरीकडे रोपं लावली आणि फिटंफाट झाली असं कागदावर लिहितात, त्याला माझा आक्षेप आहे. जगभरच्या अभ्यासांची २००२ साली एकत्र मांडणी झाली. त्यात मूळ जंगल काढून लागवडीचं जंगल केलं तर मातीतला कार्बन सरासरी १३ टक्के घटलेला दिसतो, आणि शेती केली तर ४२ टक्के.

खाचरवाला दादा, जेसीबीचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. मी भारा आधी लिहिला आणि करवत लिहिलीच नाही, ही माझी चूक. पण भारा निरुपद्रवी आहे हे मात्र पटत नाही. जाळलेल्या पातेऱ्याचा बहुतेक कार्बन हवेत जातो, थोडा कोळसा मागे राहतो. गडग्याच्या दोन बाजू मी हाताने खणून पाहिल्यात.

घाटमाथा:
सगळे वरच्या ३० सेंटिमीटरवरच बोलताय. अमेरिकेत साउथ कॅरोलायनात कॅल्हून नावाचं प्रायोगिक जंगल आहे. कापसाच्या झिजलेल्या शेतात १९५७ साली पाईन लावले, आणि १९६२ पासून मातीचे नमुने जपून ठेवले. झाडं जोमाने वाढली, जमिनीवर पाल्याचा थर साचला, अगदी वरच्या मातीतही कार्बन वाढला. पण ३५ ते ६० सेंटिमीटर खोलीवर तो घटला, इतका की वरची कमाई खालच्या तुटीत गेली. त्यांनी फक्त वरचा थर पाहिला असता तर जंगल माती भरतंय असंच लिहिलं असतं.

म्हणून हिशेबनीसांना विचारतो, सरकारी हिशेब ३० सेंटिमीटरवर थांबतो तेव्हा आपण नक्की काय मोजतो?

हिशेबनीस:
प्रश्न रास्त आहे. पण प्रत्येक वनीकरणाच्या जागेवर मीटरभर खोल खणायचं म्हटलं तर खर्चानेच योजना बुडेल. ३० सेंटिमीटर तर ३० सेंटिमीटर, पण तीच जागा आणि तीच पद्धत ठेवून दर दहा वर्षांनी मोजा.

दूरदेशी:
मी मॅसॅच्युसेट्समध्ये असते. इथे हार्वर्ड फॉरेस्टमध्ये १९९१ पासून जमिनीत विजेच्या तारा पुरून मातीचे काही तुकडे आजूबाजूपेक्षा ५ अंश गरम ठेवले आहेत. २६ वर्षांत वरच्या ६० सेंटिमीटरमधला १७ टक्के कार्बन गेला. पण तो एका लयीत गेला नाही. सुरुवातीला भराभर, मग काही वर्षं जवळजवळ थांबला, मग पुन्हा सुरू. मधल्या वर्षांत मोजून कुणी निघून गेलं असतं तर सगळं ठीक आहे असंच सांगत सुटलं असतं. दहा वर्षांचं एक माप घेऊन निकाल देऊ नये असं माझं मत. आणि हवा तापतेच आहे, म्हणजे पातेरा न उचलताही माती झिजू शकते. राहाटीच्या गडग्याने ऊन अडत नाही.

खाचरवाला:
एवढं वाचून रात्रभर विचार केला. राब एकदम सोडणार नाही, घरात खायला भात लागतो. पण येत्या हंगामात निम्मा तरवा न भाजता गादीवाफ्यावर करून बघतो. पाला बांधावरच्या गिरीपुष्पाचा घेईन, म्हणजे वरकसाच्या एका तुकड्यातला पातेरा तसाच राहील. वणव्यासाठी कडेने जाळरेषा काढतो. तण माजलं तर पुढच्या वर्षी पुन्हा भाजीन, हे आत्ताच सांगतो.

पण माती कशी मोजायची ते सांगा. फावड्याने काढून पिशवीत भरली तर चालेल?

राहाटीकाठ:
फावड्याने नको. ठरावीक मापाचा लोखंडी पाइप ठोकून दर १५ सेंटिमीटरला वेगळा नमुना घ्यायचा, साठपर्यंत किंवा जांभा लागेपर्यंत. वाळवून वजन करायचं, दोन मिलिमीटरच्या चाळणीने खडे वेगळे काढायचे आणि त्यांचंही वजन लिहून ठेवायचं. आपल्याकडे निम्मे खडेच असतात. ते वजा न करता प्रयोगशाळेची टक्केवारी गुणली तर साठा दुप्पट दिसेल. जागेवर दगडाची खूण ठेवा, पुढचा नमुना तिच्या शेजारीच घ्यायचा आहे. पाइप मी घेऊन येते. तुमच्या वरकसात जांभा किती खाली आहे?

खाचरवाला:
वरच्या अंगाला हातभर. खाली वहाळाकडे पुरुषभर खणलं तरी लागत नाही. वहाळाकडून सुरुवात करू. पाऊस लागायच्या आधी या, नंतर पाइप रुतून बसेल.