लांब इंग्रजी शब्दांची फोड उच्चाराने करावी की अर्थाने?

प्रश्न : शिक्षिका, दारव्हा तालुका

मी गावातील शाळेत सहावी-सातवीला इंग्रजी शिकवते. लांब शब्द आला की मुले सुरुवातीची दोन-तीन अक्षरे पाहून पुढचे अंदाजाने म्हणतात. घरोघरी फवारणीच्या औषधांचे डबे असतात, म्हणून ‘इन्सेक्टिसाइड’ हा शब्द फळ्यावर घेतला. मुलांनी इ-न्से-क्टि-सा-इ-ड अशा सहा टाळ्या वाजवल्या. शब्दकोशात मात्र चारच सिलेबल (एकेका स्वराभोवतीचे उच्चाराचे तुकडे) आहेत आणि अर्थाची फोड तर आणखी निराळी होते. आधी कोणती शिकवावी?

उत्तर : निवृत्त शिक्षक, अचलपूर

मॅडम, मुलांनी देवनागरी लेखनाप्रमाणे फोड केली आहे. लिहिताना आपण जोडाक्षर एकत्र ठेवतो, पण बोलताना त्यातील पहिले व्यंजन मागच्या स्वराला जाऊन मिळते. म्हणूनच ‘शब्द’मधील ‘श’ वृत्तात गुरू मानतात. तोच कान इथे लावला, तर इन्-सेक्-टि-साइड अशी फोड आपोआप होते. ‘साइड’मधील ‘आइ’ हा एकच जोडस्वर आहे आणि शेवटच्या ‘ड’ला स्वतःचा स्वर नाही, त्यामुळे तिथे एकच टाळी पडते.

अर्थाच्या दृष्टीने ‘इन्सेक्ट’ हा एक घटक आणि ‘साइड’ हा लॅटिनमधून आलेला, मारणे या अर्थाचा दुसरा. मधला ‘इ’ केवळ सांधा आहे. ‘इन्सेक्ट’मधला ‘ट’ उच्चारात पुढच्या सिलेबलमध्ये जातो, तेव्हा दोन्ही फोडी जुळवण्याचा आग्रह धरू नये. जोरही सरकतो : ‘इन्सेक्ट’मध्ये तो ‘इन्’वर असतो, ‘इन्सेक्टिसाइड’मध्ये ‘सेक्’वर येतो. माझ्या मते वाचता येण्यासाठी आधी सिलेबल घ्यावेत. नंतर घटक शिकवले, की ‘फंगिसाइड’, ‘हर्बिसाइड’ यांचे अर्थ मुले स्वतःच लावतील.

उत्तर : कृषी केंद्रचालक, मंगरूळपीर

सरांशी सहमत आहे, परंतु घटकांच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. ‘इरेग्युलर’मधील ‘इर्’ नकारार्थी आहे, म्हणून ‘इरिगेशन’मध्येही नकार शोधला तर अर्थाचा अनर्थ होईल. तिथला उपसर्ग ‘आत’ या अर्थाचा असून मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ पाणी देणे असा आहे. दोन्हीकडे मूळ रूप ‘इन्’च, पुढच्या ‘र’मुळे ते बदलले. उच्चारासाठी मात्र ‘शन’ची खूण भरवशाची आहे : जोर त्याच्या लगेच आधीच्या सिलेबलवर, म्हणजे इथे ‘गे’वर पडतो.

शिक्षिका, दारव्हा तालुका

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ‘इरेग्युलर’ आणि ‘इरिगेशन’ ही जोडी सातवीला सोमवारी देते. सहावीकडून सध्या फक्त टाळ्यांचाच सराव करून घेते.