मोफत प्रशिक्षणाचे तास आणि 'डोकी मोजून वाटा' म्हणणारे

डोंगरवाट
काल 'हेडसर' यांनी शिक्षकांच्या तंत्रज्ञान प्रशिक्षणावर लिहिलं. मुद्दा असा की एखाद्या कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) किंवा संस्थेकडून जिल्ह्याला प्रशिक्षकाचे फुकट तास मिळाले, तर ते तालुक्यांना शिक्षकसंख्येच्या प्रमाणात द्यावेत. इथवर मी गप्प बसलो असतो. पण पुढे त्यांनी लिहिलंय, "जिथे रेंजच नाही तिथे तास ओतून उपयोग काय?" ते वाचलं आणि रात्रभर डोक्यातून गेलं नाही. म्हणून हे लांबण लावतोय.

सर, उदाहरणासाठी दोनच तालुक्यांचा जिल्हा धरा. सपाटीवरच्या तालुक्यात १२०० शिक्षक, डोंगरातल्या तालुक्यात ४००. तास ३००. तुमच्या न्यायाने सपाटीला २२५, डोंगराला ७५. दिसायला चोख. पण प्रशिक्षक एकेका शिक्षकाला शिकवत नाही, तुकडीला शिकवतो. तुमच्याकडे तालुक्याच्या गावी सभागृहात ४० जण सहज जमतात, म्हणजे ३० तुकड्या, प्रत्येकीला साडेसात तास. आमच्याकडे केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, दहा-बारा शाळा गोळा केल्या तरी वीस माणसं होतात. २० तुकड्या, प्रत्येकीला पावणेचार तास. डोकी मोजून वाटलं आणि डोंगरातल्या शिक्षकाला निम्मं मिळालं. हा तुमचा न्याय!

"मग तालुक्याच्या गावी या की" असं कुणीतरी म्हणणारच. आमची शाळा दोनशिक्षकी. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक. मी तीन दिवस कार्यमुक्त झालो की माझा जोडीदार पाच इयत्ता, पोषण आहार आणि हजेरीचं अॅप एकटा ओढतो. मागच्या खेपेला मी परतलो तर पहिलीची पोरं चौथीच्या पोरांकडून पाढे शिकत होती. त्यातली दोन पोरं ऐकून ऐकून पंधरापर्यंत आली होती, तो भाग वेगळा. आणि मी तीन दिवस काय शिकलो? स्मार्ट बोर्ड कसा वापरायचा. आमच्या शाळेत स्मार्ट बोर्ड नाही. (तालुक्याचं नाव सांगत नाही, अजून सेवेत आहे.)

गडचिरोलीतल्या भामरागडचंच बघा. पर्लकोटेला पूर आला की गावाचा संपर्क तुटतो, जिल्ह्याचं ठिकाण दीडशे किलोमीटरच्या वर. तिथल्या शिक्षकाला जुलैमध्ये 'उद्या सकाळी १० वाजता हजर राहावे' असा मेसेज टाकणाऱ्याला काय म्हणावं?

म्हणून शिक्षक नका मोजू, शाळा मोजा.

हेडसर
दुखावलात, दिसतंय. रेंजचं वाक्य कडक झालं, पण मागे घेणार नाही.

तुमचे आकडे सोयीचे आहेत. शाळाच मोजायच्या तर तेही करून बघू. माझ्या तालुक्यात मोठ्या शाळा, तुमच्याकडे लहान लहान. समजा दोन्हीकडे २०० शाळा. म्हणजे १५०-१५० तास. माझ्या ३० तुकड्यांना प्रत्येकी ५ तास, तुमच्या २० तुकड्यांना साडेसात. झाला की उलटा अन्याय! तुमचा तो अन्याय आणि आमचा तो हिशेब, असं कसं चालेल?

आणि पोरं कुठे गेली या सगळ्यात? माझ्या सातवीत ५२ मुलं आहेत. एक शिक्षक शिकला तर ५२ जणांपर्यंत पोचतं. तुमच्या शाळेत तोच तास बारा-पंधरा मुलांपर्यंत. कटू आहे, पण फुकटचा का होईना, तास मोजकाच आहे.

शेवटचं. परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. माढा तालुक्यातली वाडी ती, त्यांना कुणी तास वाढवून दिले होते? पष्टेपाड्याची शाळा डिजिटल झाली ती शहापूर तालुक्यातल्या पाड्यावर. ज्याला करायचं तो करतो.

डोंगरवाट
वाटच बघत होतो डिसले गुरुजी कधी येतात त्याची. एका माणसाची गोष्ट सांगून बाकीच्यांचं वाटप ठरवायचं असेल तर सचिन मुंबईचा म्हणून गावोगावची मैदानं विकून टाका.

क्लिकराव
मी या क्षेत्रात काम करतो म्हणून सांगतो. कोटा वगैरे जुनी विचारसरणी आहे. लिंक काढा, जो आधी नाव नोंदवेल त्याला जागा. ज्याला गरज तो नोंदवणार, विषय संपला.

गणितवाल्या बाई
क्लिकराव, लिंक साधारण किती वाजता टाकणार? आमच्या ग्रुपवर दुपारी १२ ला आली होती. मी तेव्हा वर्गात होते, मोबाइल कपाटात. सव्वाबाराला 'नोंदणी पूर्ण झाली आहे'. नंतर यादी पाहिली तर निम्मी नावं तालुक्याच्या गावातल्या शाळांची. गरज त्यांनाच होती म्हणायची.

माजी_केंद्रप्रमुख
'मोफत' शब्द वाचून हसू आलं. आम्हाला कुणी मोफत दिलं होतं? एमएससीआयटी, ती सक्तीची संगणक परीक्षा, आठवते का कुणाला? वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी खिशातून फी भरली, संध्याकाळी नातवंडांच्या वयाच्या पोरांशेजारी बसलो, माउस हातात धरला की बाण पडद्याच्या बाहेर पळायचा. २००७ च्या डिसेंबरअखेर मुदत होती. ती हुकली म्हणून कित्येकांच्या वेतनवाढी रोखल्या, दिलेल्या परत वसूल केल्या. माझ्या एका सहकाऱ्याची वसुली निवृत्तीच्या वर्षी काढली. आणि आजची पिढी फुकटच्या तासांवर भांडते!

विनाअनुदानित
एमएससीआयटीच्या वसुलीवर रडायला निदान पगार तरी होता तुम्हाला. आम्ही १५ वर्षं 'अनुदानाचा टप्पा कधी मिळणार' हेच विचारतोय. वरच्या दोघांच्या हिशेबात १२०० आणि ४०० शिक्षक आले, त्यात आम्ही धरलोय का? शालार्थ या पगाराच्या प्रणालीत नाव नाही म्हणजे शिक्षकच नाही, असं का? मुलं तर आमच्याही वर्गात आहेत. मागे एका प्रशिक्षणाला गेलो तर चहा झाल्यावर यादी वाचली आणि 'तुमचं नाव नाही' म्हणून परत पाठवलं. चहा तेवढा मिळाला.

हेडसर
@विनाअनुदानित, हा प्रश्न खरा आहे, पण तो वेगळा धागा आहे.

विनाअनुदानित
आमचा धागा नेहमी वेगळाच असतो सर.

क्लिकराव
एमएससीआयटीचं कौतुक जरा कमी करा काका. तेव्हा किती जणांनी केंद्रात भाच्याला शेजारी बसवून पेपर सोडवला ते सगळ्यांना माहीत आहे. प्रमाणपत्र भिंतीवर आणि आजही साधा ईमेल पाठवायला संगणक ऑपरेटरच्या दारात.

माजी_केंद्रप्रमुख
तोंड सांभाळून बोला. मी स्वतः पेपर दिलाय, स्वतः पास झालोय. भाचे तुमच्याकडे असतील. २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आलं तेव्हा केंद्रातल्या शाळाशाळांत लोकवर्गणीतून टीव्ही आणि प्रोजेक्टर बसवायला मीच मोटारसायकलवर हिंडलो. तेव्हा तुम्ही कितवीत होता?

क्लिकराव
नववीत. आणि आमच्या शाळेतला तो प्रोजेक्टर मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात होता. दहावी होईपर्यंत एकदाच पाहिला, १५ ऑगस्टला, हार घातलेला.

नुसताच_पालक
हे भारी होतं.

गणितवाल्या बाई
प्रोजेक्टर कपाटात का होता ते मी सांगते, कारण आमचाही आहे. वीजबिल थकलं, मीटर काढून नेलं. बिल भरायचं कशातून? अनुदानातून खडूही आणायचे, झाडूही आणि शौचालयाची कडीही. काही महिने मी आणि माझ्या सहकारी मिळून भरलं. माझ्या नवऱ्याने विचारलं, घरचं बिल कोण भरणार? त्यावर उत्तर नव्हतं. आणि या शाळेला उद्या कोणी 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि अध्यापन' यावर सहा तास देईल. घेईन मी, नाही म्हणणार नाही.

दुसरं, मोफत मोफत काय चाललंय? नोकरीच्या बारा आणि चोवीस वर्षांनंतरच्या वरिष्ठ आणि निवड वेतनश्रेणीच्या प्रशिक्षणाला आम्ही दोन-दोन हजार रुपये भरले आहेत, तेही ऑनलाइन. सॉफ्टवेअरला सांगायचं की मी व्हिडिओ बघतेय, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या.

आता मूळ मुद्दा. डोंगरवाट आणि हेडसर, तुम्ही दोघांनी हिशेब मांडला आणि दोघांनी मधेच सोडला. शिक्षकही मोजू नका, शाळाही मोजू नका, तुकड्या मोजा. सपाटीच्या ३०, डोंगराच्या २०, एकूण ५०. तास ३००. प्रत्येक तुकडीला ६. सपाटीला १८०, डोंगराला १२०. प्रत्येक शिक्षकाला सहा तासच मिळतात, मग तो कुठेही असो. पाचवीचं गणित आहे.

माजी_केंद्रप्रमुख
एमएससीआयटीबद्दल अजून एक सांगायचं राहिलं. तेव्हा मराठी टंकलेखनाचा एवढा घोळ होता की एका मशीनवर लिहिलेलं दुसऱ्यावर उघडलं की चिनी वाटायचं. चार कीबोर्ड शिकलो आम्ही. आज बोललं की टाइप होतं. त्याची किंमत नाही कुणाला.

डोंगरवाट
काका, फॉन्टचं दुःख मान्य. पण त्या परीक्षेने तुम्हाला वर्गात काय उपयोग झाला? प्रामाणिकपणे सांगा.

माजी_केंद्रप्रमुख
वर्गात? वर्गात काही नाही. सरल या सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती भरायला झाला, तशाच यू-डायसला झाला. निम्म्या केंद्राची माहिती मीच भरायचो.

डोंगरवाट
हेच म्हणतोय मी! आमच्यापर्यंत जे प्रशिक्षण पोचतं ते बहुतेक माहिती भरायचंच असतं. पुण्यात कुमठेकर रस्त्यावरच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत राज्याचे तज्ज्ञ शिकतात, ते जिल्ह्याला सांगतात, जिल्हा तालुक्याला, तालुक्याचा सुलभक (प्रशिक्षक) केंद्राला. आमच्यापर्यंत येईस्तोवर पीपीटी, बॅनर आणि ग्रुप फोटो उरतो. म्हणून तर थेट प्रशिक्षकाचा तास मिळतोय तर तो आमच्या केंद्रापर्यंत यावा, एवढंच मागणं.

हेडसर
बाईंचा हिशेब वाचला. दोनदा वाचला. चूक सापडली नाही, याचं वाईट वाटतंय.

पण दोन गोष्टी. एक, तुकडी वीसचीच का? उद्या एखादा तालुका म्हणेल आमची तुकडी दहाची, आम्हाला दुप्पट द्या. दोन, प्रशिक्षक डोंगरात जाणार, त्याच्या प्रवासाचा वेळ त्या १२० तासांतच धरायचा का? कंपनी तास मोजते तो घरातून निघाल्यापासून, हे तुम्हाला माहीत नसेल, मी असे दोन उपक्रम राबवलेत. एका ठिकाणी तर 'सहा तासांच्या' कार्यशाळेत दीप प्रज्वलन आणि मान्यवरांची मनोगतं धरून शिकवणं दीड तास झालं. मान्यवरांत मी पण होतो.

गणितवाल्या बाई
कबुलीबद्दल आभार. तुकडीचा नियम सोपा ठेवा: ज्या गावी सगळे शिक्षक सकाळी निघून संध्याकाळी घरी पोचतात, तिथे जेवढे जमतील ती एक तुकडी. दहाची होत असेल तर होऊ दे, कारण आमच्यात लहान लेकरं घरी ठेवून येणाऱ्या बायाही आहेत, मुक्कामी प्रशिक्षण कसं जमायचं ते त्यांना विचारा. शेवटची जीप साडेचारला सुटते. प्रवासाचा वेळ तासांत धरायचा नाही, ही अट आधीच लिहून घ्या. आणि मनोगतं नकोत.

विनाअनुदानित
आणि आमची नावं?

गणितवाल्या बाई
तुमचीही. तुकडीत जागा असेल तर वाटेल तो शिक्षक बसेल. ४० च्या खोलीत ३१ जण असताना कुणाला परत पाठवायचं कारण काय?

क्लिकराव
ऑनलाइन केलंत तर तुकडीचा प्रश्नच येत नाही, दीक्षा या सरकारी पोर्टलवर सगळं आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने वर्षाला ५० तास सांगितलेत, ते असे हॉल भरून पूर्ण होणारेत का?

डोंगरवाट
दीक्षावर आहे, खरंय. त्यावरचे निष्ठा या सरकारी शिक्षक-प्रशिक्षणाचे कोर्स मी पूर्ण केलेत, गावाबाहेर वडाखाली मोबाइल फांदीला टांगून. प्रमाणपत्रं आली. पण माझ्या वर्गातल्या फुटक्या टॅबलेटवर भिली भाषेतल्या गोष्टी पोरांच्याच आवाजात कशा रेकॉर्ड करायच्या, हे मला समोर बसून कुणीतरी दाखवायला हवंय. ते विचारायला व्हिडिओला तोंड नसतं.

माजी_केंद्रप्रमुख
रेकॉर्डिंगचं मी सांगू शकतो. मला येतं ते.

क्लिकराव
भाच्याने शिकवलं का काका?

माजी_केंद्रप्रमुख
नातीने. तुम्हाला शिकायचं असेल तर तिला वेळ नाही.

डोंगरवाट
तर मग मी बाईंच्या हिशेबाने जिल्ह्याला निवेदनाचा मसुदा करतो: तुकडीनिहाय तास, प्रवास वेगळा, यादीबाहेरच्यांनाही जागा, आणि शाळेत जे उपकरण आहे त्यावरच प्रशिक्षण. हेडसर, तुमची सही धरू का? सपाटीवरच्या कुणाची असली तर वजन पडेल.

हेडसर
आमच्या तालुक्याचे ४५ तास कमी करणाऱ्या कागदावर मी सही करू? उद्या स्टाफरूममध्ये तोंड दाखवायचंय मला. ५२ मुलांचा मुद्दा कुणी खोडलेला नाही, ध्यानात ठेवा.

सही धरू नका. मसुदा मात्र पाठवा. तुमच्या पोस्टमध्ये ऱ्हस्व-दीर्घ फार मोकाट आहेत, तसा कागद वर गेला तर आकड्यांकडे कुणी बघणार नाही.