भाड्याच्या घरातली भाजी: तुमची कशी जगली, कशी मेली?

परवा घर बदललं. नऊ वर्षांतलं हे चौथं. सामान उचलायला आलेल्या माणसाने कुंड्यांकडे बघून विचारलं, "हे पण न्यायचंय?" आणि मी अशी काही चिडले की बिचारा गप्पच झाला. नंतर वाटलं त्याचं काय चुकलं, सोफ्यापेक्षा जास्त जागा कुंड्यांनीच खाल्ली होती.

तर म्हटलं बाकीचे काय करतात ते विचारावं. ज्यांची स्वतःची गच्ची, अंगण वगैरे आहे त्यांचं कौतुक आहेच पण आज त्यांनी नुसतं वाचा. भिंतीला भोक पाडायचं नाही, फरशीवर डाग पडू द्यायचा नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात आपण इथे असू की नाही ते माहीत नाही, अशांनी लिहा. काय लावलं, काय सोबत नेलं, काय सोडून आलात. मेलेली झाडं पण चालतील, उलट तीच जास्त लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. पहिल्या घरात बाल्कनी पश्चिमेला. थंडी संपता संपता हौसेने सहा टोमॅटो लावले, रोपं अशी तरारली की येईल त्याला हात धरून दाखवायचे. मग फुलं आली आणि रोज सकाळी खाली फुलांचा सडा, देठासकट. मी आपली खत घालतेय, पाणी वाढवतेय, परत खत घालतेय. बऱ्याच उशिरा कळलं की दिवसा पारा ३५ च्या पुढे जायला लागला आणि रात्रीही उकाडा उतरेना की टोमॅटोत फळधारणाच नीट होत नाही, फुलं गळतात. खताचा काही संबंधच नव्हता. त्यात कुंड्या काळ्या प्लॅस्टिकच्या, दुपारी हात लावला तर चटका बसायचा, म्हणजे आत मुळांचं काय होत असेल बघा. आता टोमॅटोचं बी उकाडा ओसरायला लागला की पेरते आणि भर उन्हाळ्यात त्यांचा नाद सोडते, तेव्हा चवळी आणि भेंडी. आणि नव्या घरात पहिले पंधरा दिवस काहीच लावत नाही, ऊन कुठून येतं आणि किती वाजता जातं तेवढंच बघते. तेही वर्षभर एकाच जागी राहत नाहीच, थंडीत जे तिरपं होऊन खोलीत शिरतं ते उन्हाळ्यात कठड्यावरूनच परत जातं.

*

आमच्या बागेपेक्षा खालच्या मजल्यावरच्या काकूच जास्त लक्षात राहिल्यात. आम्ही वरून पाणी घालणार आणि खाली त्यांच्या धुतलेल्या चादरींवर मातीचे ओघळ. त्या वर आल्या, बरोबरच होतं त्यांचं. मग सगळ्या कुंड्यांखाली ताटल्या ठेवल्या, खूश झालो, तर पावसाळ्यात त्या ताटल्यांत डासांच्या अळ्या! अंडं ते डास एवढा प्रवास आठ-दहा दिवसांत होतो, म्हणून आता आठवड्यातून एकदा ताटल्या ओतून घासून ठेवणे हा रविवारचा कार्यक्रम. ओतताना मात्र खाली बघून.

घर सोडताना फरशीवर पांढरी गोल वर्तुळं निघाली, क्षाराची. डिपॉझिटमधून कापले पैसे. आता कुंडी थेट फरशीवर कधीच नाही, खाली स्टँड किंवा लाकडी पट्ट्या. अजून एक, १२ इंची कुंडी नुसत्या मातीने भरून ओली केली की सहज १५-२० किलो होते. आम्ही अशा चार कठड्यावर टांगायला निघालो होतो!! आता निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा हलका भुसा), बाकी कंपोस्ट आणि थोडी माती. आणि मालकांना आधीच मेसेज करून विचारायचं, त्यांचं 'हो' लेखी राहतं.

*

पुदिना. काडी पाण्यात ठेवा, आठवडा-दहा दिवसांत मुळं फुटतात, लावा, विसरा. फक्त त्याला वेगळी कुंडी द्या. मी कोथिंबिरीशेजारी लावला होता, आता कोथिंबीर नाहीये.

*

काकडीची माझी कथा. खिडकीच्या ग्रिलवर वेल चढवला, एवढा सुंदर गेला वर की पडद्याची गरज उरली नाही. पिवळी फुलं ढीगभर. काकड्या मात्र बोटाएवढ्या व्हायच्या, पिवळ्या पडायच्या आणि गळायच्या. पाचव्या मजल्यावर मधमाश्या येतच नव्हत्या. काकडीत नर आणि मादी फुलं वेगळी असतात, मादी फुलाच्या मागे आधीपासूनच इवलीशी काकडी असते, नराला नुसता देठ. मग रोज सकाळी लवकर उठून नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि आतला पिवळा भाग मादी फुलात हलकेच फिरवायचा. घरचे म्हणायचे लग्नं लावायला बसलीस का. पण लागल्या, एका वेलाला अकरा, मोजल्यात मी.

आणि बाराव्या-तेराव्याला फूल धरलेलं असताना मालकांचा फोन, ग्रिल रंगवायचंय, उद्या माणूस येतोय. वेलाचे तंतू ग्रिलला असे घट्ट की सोडवताना अर्धा वेल तुटला, उरलेला मीच कापला. रागाने नाही, रडत कापला. ग्रिल त्यांचं होतं हेच मी विसरले होते. आता मोठ्या कुंडीतच तीन बांबू खोचून वर एकत्र बांधते, वेल त्यावर. घराला काही बांधायचंच नाही, कुंडी सरकवली की मांडवही सोबत सरकतो.

*

सगळ्यांचं वाचून छान वाटलं पण आमच्याकडे ऊनच नाही. समोर इमारत, दिवसाला जेमतेम तीन तास. दोन वर्षं मिरची-टोमॅटो-वांगी करत बसलो, सहा-आठ तास ऊन लागणाऱ्या झाडांना तीन तासांत ठेवून त्यांचा आणि स्वतःचा छळ केला. आता फक्त पानं खायची. थंडीत पालक, मेथी, लसणाची पात. उन्हाळ्यात पालक लगेच फुलावर येतो म्हणून तेव्हा माठ. पसरट क्रेट, सहा इंच माती, महिन्याभरात कापणी, त्यामुळे घर सोडायची नोटीस आली तरी पीक खाऊन निघता येतं. फळझाडवाल्यांना हे बाग वाटत नसेल तर नसू दे.

*

एक शंका, कोथिंबीर उगवतच नाही. तीनदा पेरली. बाजारातले धने चालतात ना?

*

चालतात, फार जुने नसले तर. धना म्हणजे दोन बिया चिकटलेल्या असतात, चपलेने हलकेच रगडून दोन भाग करा, रात्रभर भिजवा आणि पेरून गप्प बसा. दहा-पंधरा दिवस लागतात. मी आठव्या दिवशी उकरून बघायचो, म्हणून उगवत नव्हती. उन्हाळ्यात नका नादी लागू, पानांआधी फुलंच येतात.

*

शिफ्टिंगबद्दल कोणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. तीनदा केलंय. आठवडाभर आधी मिरची निम्म्यावर छाटायची, जीव तोडून जपलेल्या फांद्या कापवत नाहीत पण कापा, नाहीतर प्रवासात त्या मोडतातच. मिरची मरत नाही त्याने, नीट जपली तर दोन-तीन वर्षं फळं देते. पाणी आदल्या दिवशी घालायचं, निघताना नाही, ओली कुंडी उचलणाऱ्याच्या कंबरेला विचारा. वरची माती हलू नये म्हणून कापड बांधायचं. आणि निघण्याआधी पानं उलटी करून बघायची. मी एकदा पांढऱ्या कापसासारखा मिलीबग घेऊन नव्या घरात गेलो आणि तिथे शेजाऱ्यांच्या जास्वंदीला भेट दिला. त्यांच्याशी पहिली ओळख अशी झाली. साबणाचं पातळ पाणी फवारत बसलो दोघं महिनाभर. नव्या घरात झाडं पानं गाळतात, घाबरून पाणी वाढवू नका, पानं कमी म्हणजे पाणीही कमीच लागतं.

*

मी, धागा काढणारी. मिरचीचं सांगितलंत ते बरं केलं, माझ्या दोन्ही बोडक्या झाल्यात आणि मी रोज पाणी ओततेय. आजपासून बंद.

*

पण शेवटी सगळं आणलंत का? त्या सामानवाल्याचं काय झालं?

*

लिंबू नाही आणलं. चार वर्षांचं कलम, ड्रममध्ये, लिफ्टमध्ये मावेना आणि जिन्याने न्यायला त्याने साफ नकार दिला. त्याच्याशी आधीच भांडून बसलेले, काय बोलणार. चावी देताना मालकांना म्हटलं पाणी घालाल ना, तर म्हणाले मला त्यातलं काही कळत नाही. काल त्यांचा फोन आला. मला वाटलं फरशीचा डाग. तर म्हणे पानांवर पांढऱ्या नागमोडी रेषा दिसताहेत, काय करू? पाननागअळी आहे, ती पानं तोडा म्हटलं. "किती तोडू?" मग व्हिडिओ कॉल लावला आणि अर्धा तास एकेक पान दाखवून विचारत होते, हे? आणि हे?