विज्ञानकथा मालिका तग का धरत नाहीत?

तिसरा_ग्रह
'फायरफ्लाय' २००२ मध्ये फॉक्स या अमेरिकन चॅनेलवर आली. १४ भाग चित्रित झाले होते, ११ दाखवून चॅनेलने गाशा गुंडाळला. 'द एक्स्पान्स' सिफाय या अमेरिकन केबल चॅनेलने तिसऱ्या सीझनला सोडली, '१८९९' तर नेटफ्लिक्सवर पहिल्याच सीझनला आटोपली. पोलिसांच्या आणि हॉस्पिटलच्या मालिका मात्र पंधरा-पंधरा वर्षं चालतात. 'बघणारे कमी' एवढ्यावर समाधान होत नाही. घोडं नेमकं कुठे अडतं?

पडद्यामागचा
आधी खर्चाकडे बघा. हॉस्पिटलचा वॉर्ड एकदा उभारला की दहा वर्षं तोच वापरता येतो. इथे कथा नव्या ग्रहावर गेली की सेट नवा, कपडे नवे, हातातली अवजारंही नवी. परग्रहवासीयाचा प्रोस्थेटिक (रबरी कातडीसारखे तुकडे चिकटवून केलेला) मेकअप चढवायलाच तीन-चार तास जातात. त्या नटाच्या कामाच्या तासांतून तेवढे तास वजा करा, शिवाय शेवटी मेकअप उतरवायचा वेळ वेगळा. म्हणजे रोजची दृश्यं कमी आणि शूटिंगचे दिवस जास्त.

व्हीएफएक्सचं, म्हणजे संगणकावर घडवलेल्या दृश्यांचं, दुखणं निराळं आहे. एका शॉटमागे ट्रॅकिंग (कॅमेऱ्याची हालचाल टिपणं), रोटो (माणसाला पार्श्वभूमीपासून कापून वेगळं करणं), अ‍ॅनिमेशन, लाइटिंग, कॉम्पोझिटिंग (सगळे थर एकत्र जोडणं) अशी साखळी असते. एडिट लॉक झाल्यावर, म्हणजे संकलन पक्कं झाल्यावर, कुणी 'हा शॉट दोन सेकंद वाढवा' म्हणालं, तर त्यातली निम्मी साखळी पुन्हा फिरवावी लागते.

जुन्या 'स्टार ट्रेक'मध्ये माणसं क्षणात ग्रहावर पोचतात, कारण दर भागात यान उतरताना दाखवणं परवडणारं नव्हतं. 'स्टारगेट एसजी-१'ने तर काटकसरीचा धडाच घालून दिला: सैनिकांना आजचेच गणवेश, इतर ग्रहांवर नेणारा, कायमचा उभा एक दरवाजा आणि दरवाज्यापलीकडे बहुतेक वेळा व्हँकुव्हरजवळचं जंगल. १० सीझन, २१४ भाग!

आकडेमोडे
खर्च खरा, पण निकाल लागतो तो पैसा कुणाच्या खिशात जातो यावर. 'एक्स्पान्स' बनवत होती अल्कॉन ही निर्मिती कंपनी, आणि सिफायकडे होते फक्त अमेरिकेतल्या पहिल्या प्रक्षेपणाचे हक्क. स्ट्रीमिंगवर कितीही लोकांनी बघितली तरी सिफायच्या हिशेबात ते शून्य. त्यांना उपयोगाचे प्रेक्षक म्हणजे त्या रात्री, किंवा नंतर काही दिवसांत रेकॉर्डिंग लावून, जाहिरातींसकट बघणारे. विज्ञानकथेचा चाहता नेमका तसा बघत नाही. म्हणून २०१८ मध्ये चॅनेलने हात वर केले. अ‍ॅमेझॉनने तीच मालिका उचलून आणखी तीन सीझन केले. एकूण ६२ भाग. मालिका तीच, प्रेक्षकही तेच, फक्त हिशेबाची वही बदलली.

अमेरिकेत पूर्वी शंभरच्या आसपास भाग झाले की पुनःप्रक्षेपणाचे हक्क विकून मुद्दल सुटायचं. त्या आशेवर स्टुडिओ तोटा सोसायचे. आठ-दहा भागांच्या सीझनमध्ये तो आकडा गाठणार कधी?

उपकथानक
सगळं खापर हिशेबावर फोडू नका, वेळापत्रकानेही मालिका मारल्या आहेत. 'फायरफ्लाय'चा दोन तासांचा पायलट, म्हणजे कथेतला पहिला भाग, ज्यात पात्रांची ओळख होते, तो फॉक्सने आधी दाखवलाच नाही. डिसेंबरात, मालिका बंद करताना दाखवला. वार शुक्रवारचा, म्हणजे तरुण प्रेक्षक घराबाहेर. 'स्टार ट्रेक'चा तिसरा सीझनही एनबीसी चॅनेलने शुक्रवारी रात्री दहाला टाकला होता.

लेखकांचा दोषही आहेच. पहिल्या सीझनमध्ये सात कोडी घालायची आणि एकाचंही उत्तर द्यायचं नाही, ही खोड वाईट. पाचव्या भागाला आलेल्या माणसाला काही कळत नाही, आणि पहिल्यापासून बघणारा कंटाळतो.

'बॅबिलॉन ५' ही मालिका बघा. पाच वर्षांचा आराखडा आधीच तयार, कथा एकाच अंतराळस्थानकावर, आणि प्रमुख पात्रांना कथेतून बाहेर काढायची वाट आधीच आखलेली, म्हणजे नट सोडून गेला तरी गाडा अडत नाही. चौथ्या सीझनला पाचवा मिळेल याची खात्री नव्हती, तेव्हा धागे आवरते घेतले आणि शेवटचा भाग चित्रित करून ठेवला. पाचवा टीएनटी या दुसऱ्या चॅनेलवर मिळाला, तेव्हा तो भाग त्याच्या शेवटी लावला. अंथरूण पाहून पाय पसरणं याहून चांगलं कुणाला जमलेलं मला माहीत नाही.

तिसरा_ग्रह
सगळ्यांचे आभार. पण नेटफ्लिक्सला ना वार, ना जाहिरातीचा स्लॉट. मग '१८९९' का गेली? आणि एलईडी भिंतीमुळे (सेटमागे पार्श्वभूमी दाखवणाऱ्या भल्यामोठ्या पडद्यामुळे) खर्च कमी व्हायला हवा होता ना?

आकडेमोडे
तिथे मोजमाप वेगळं आहे. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने ब्रिटिश संसदीय समितीला कळवलं होतं की सीझनचा ९० टक्के भाग बघणाऱ्यांना ते 'पूर्ण करणारे' धरतात, आणि निर्मात्यांना पहिल्या ७ आणि २८ दिवसांचे आकडे देतात. एका विशिष्ट मालिकेचं आतलं कारण बाहेर येत नाही. पण महागड्या मालिकेला सुरुवात करणारे भरपूर आणि संपवणारे थोडे असले, तर नवा सीझन अवघडच. त्यात करारानुसार मानधन दर सीझनला चढतं.

पडद्यामागचा
भिंतीबद्दल: प्रवास आणि बाहेरचं शूटिंग वाचतं, पण खर्च पुढे सरकतो. भिंतीवरची पार्श्वभूमी शूटिंगच्या *आधी* पूर्ण लागते, म्हणजे पटकथा महिनोन् महिने आधी पक्की हवी. सेटवर लेखकाने जागा बदलली की ते दृश्य पुन्हा हिरव्या पडद्यासमोर (पार्श्वभूमी नंतर संगणकावर जोडायची), आणि भिंतीचं भाडं चालूच.