मूल परदेशी न्यायचं तर दुसऱ्या पालकाची लेखी संमती विमानतळावरच मागायला हवी

डिचोलीकर:
माझ्या मावसबहिणीचा नवरा ब्रेक्झिटच्या आधीच पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात स्विंडनला गेला, आजोबा १९६१ च्या आधी, पोर्तुगीज राजवटीत इथे गोव्यात जन्मलेले त्यामुळे त्याचं काम झालं. आता नाताळला येतोय आणि फोनवर सरळ सांगतो, पोराला घेऊन जातो, तुला यायचं तर मागाहून ये. पोरगा सहा वर्षांचा. त्याचा पासपोर्ट काढताना हिनं ॲनेक्शर डी वर, म्हणजे दोन्ही पालकांच्या संमतीच्या फॉर्मवर, सही दिलेली, तेव्हा घरात सगळं गोड होतं. ती एक सही पाच वर्षं पुरते! मोपा विमानतळावर काउंटरला कोण विचारतो का, की आईला माहीत आहे का म्हणून? पासपोर्टला सही दिली म्हणजे मूल नेऊन टाक असं नाही ना होत. ब्राझीलमध्ये दुसऱ्या पालकाची लेखी संमती दाखवल्याशिवाय मुलाला देशाबाहेर सोडत नाहीत, इथे काय अडतं?

काजूबोंड:
अडतं ते तारवट्यांच्या बायकांचं. माझी जाऊ दोन पोरं घेऊन दुबईला बहिणीकडे निघालेली, नवरा जहाजावर, आठ-आठ दिवस फोन लागत नाही, त्याची सही कुठून आणायची, समुद्रातून? आणि मार खाऊन निघालेली बाई मारणाऱ्याकडेच परवानगी मागणार? साउथ आफ्रिकेनं २०१५ ला असले कागद सक्तीचे केले, टुरिस्टच बोंबलले, शेवटी ढिले करावे लागले.

डिचोलीकर:
मग तुमच्या जावेसाठी माझ्या बहिणीनं पोर गमवायचं?

काजूबोंड:
तसं कुठे म्हटलं मी. ज्या घरात भांडण आहे तिथे कोर्टानं अडवावं, सरसकट सगळ्यांच्या मानेवर कशाला.

पर्वरीकर (कोर्टात उठबस असते):
काजूबोंड म्हणतात ती सोय आजही आहे, फक्त पोर जायच्या आधी हलायला लागतं. कोर्टाकडून मनाई हुकूम घ्यायचा, पोराचा पासपोर्ट कोर्टात जमा करायला लावायचा आणि लुकआउट सर्क्युलरचा आदेशही मागायचा, तरच इमिग्रेशनच्या स्क्रीनवर नाव येतं. एकदा विमान उडलं की संपलं, कारण एका पालकानं परदेशी नेलेलं मूल परत पाठवायच्या १९८० च्या हेग करारात ब्रिटन आहे, पोर्तुगाल आहे, आपण नाही. पोर परत आणायला तिथल्या कोर्टात स्वतःच्या खर्चानं वकील लावा. आपल्याकडे २०१६ ला लॉ कमिशननं बिलाचा मसुदा दिला, २०१८ ला न्या. बिंदल समितीचा अहवाल आला, कायदा काही झाला नाही.

काजूबोंड:
आणि का नाही झाला तेही लिहा की. परदेशात छळ सोसून लेकरू घेऊन माहेरी आलेल्या बाईलाच तो करार पळवून नेणारी ठरवतो, ही मोठी हरकत होती.

पर्वरीकर:
बरोबर. गंभीर धोका असेल तर मूल परत न पाठवण्याची सूट करारात आहे, पण ती सिद्ध करायची तिनंच, तेही परक्या देशात. पण ह्या केसमध्ये बाई इथेच आहे आणि पोर जायचंय तिकडे, तेव्हा करार नसल्याचा फटका तिलाच.

डिचोलीकर:
आत्ताच मावशीला फोन केला. पोराचा पासपोर्ट तिच्या कपाटात आहे आणि ऑक्टोबरात संपतोय. म्हणजे नवीन काढायला त्याला परत हिच्याच सहीसाठी यावं लागणार, तेव्हा बघून घेऊ.

पर्वरीकर:
ॲनेक्शर सी विसरलात. एका पालकाची संमती मिळत नसेल तर दुसरा एकटा डिक्लेरेशन देऊन अर्ज करू शकतो. ऑक्टोबरची वाट बघू नका, पणजीच्या पासपोर्ट ऑफिसला हरकतीचं पत्र ह्याच आठवड्यात द्या, पोचपावती घ्या आणि तीच घेऊन वकिलाकडे जा.