थोरले दीर झेडपीत शिक्षक, तरी पीएम किसानचे हप्ते चालू. तक्रार करावी का?

धाकटी जाऊ
सासरे २०१६ मध्ये वारले. वारसनोंदीनंतर सातबाऱ्यावर सासूबाई, थोरले दीर आणि माझे मिस्टर अशी तीन नावं लागली, खातं सामाईक आहे. तिघांनाही पीएम किसानचे हप्ते येतात. मिस्टर शेती आणि दूध बघतात, दीर जिल्हा परिषदेच्या शाळेत कायम शिक्षक आहेत. विषय काढला की भाऊजी म्हणतात, "नाव तलाठ्यानं घातलं, मी कुठं अर्ज केला होता?" मला हे पटत नाही. पण तक्रार केली तर सासूबाईंचे पैसे अडकतील का, आणि माहीत असून गप्प बसलो तर आमच्यावर काही येतं का, हे आधी कळायला हवं. नात्याचा प्रश्न आहे, म्हणून नीट समजून पाऊल टाकायचंय.

शिवारफेरी
आधी पात्रतेचं बघू, कारण इथेच लोक चुकतात आणि चांगल्या माणसाविरुद्ध अर्ज ठोकून मोकळे होतात.

योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि १८ वर्षांखालची मुलं. एका छपराखाली राहणारे सगळे एक कुटुंब धरत नाहीत. त्यामुळे सासूबाई स्वतंत्र, तुम्ही दोघं स्वतंत्र. १ फेब्रुवारी २०१९ च्या आधी नाव सातबाऱ्यावर होतं, तेव्हा त्या तारखेचीही अडचण नाही.

दीर मात्र अपात्रच. केंद्र-राज्य सरकारचे आजी-माजी कर्मचारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचे नियमित कर्मचारी वगळलेले आहेत. सूट आहे ती फक्त चतुर्थ श्रेणीला. ते त्याच शाळेत शिपाई असते तर त्यांचे हप्ते कायदेशीर ठरले असते. पेन्शनचंही तसंच आहे: महिना १०,००० किंवा जास्त पेन्शन असेल तर बाद, पण चतुर्थ श्रेणीतून निवृत्त झालेल्याला ती अट नाही. दिरांच्या पत्नीच्या नावावर जमीन असली तरी तिलाही मिळणार नाही, कारण कुटुंब एकच.

तुमच्या घरचंही तपासून घ्या. मिस्टरांनी मागच्या वर्षी प्राप्तिकर भरला असेल तर तेही अपात्र. कर्जासाठी नुसतं शून्य कराचं रिटर्न भरलं असेल तर नाही, अट कर भरण्याची आहे.

"तलाठ्यानं नाव घातलं" हे निम्मं खरं असू शकतं. २०१९ च्या सुरुवातीला गावोगाव याद्या सातबाऱ्यावरूनच झाल्या. पण नंतर ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवणं, सक्तीची झाली. ती आधारच्या ओटीपीनं किंवा अंगठ्यानं होते, म्हणजे लाभार्थ्याच्या सहभागाशिवाय होत नाही. ती करून हप्ते चालू ठेवले, तिथं तलाठ्याचा संबंध संपला.

दप्तर
वरचं बरोबर आहे. माझं मत स्पष्ट सांगतो: आधी भाऊजींना स्वतःहून बाहेर पडायला सांगा, आणि तारीख ठरवून सांगा. पुढचा हप्ता पडायच्या आत. त्यांच्याच भल्याचं आहे. प्राप्तिकर आणि आधारच्या नोंदी जुळवून अपात्र नावं निघतातच. नोटीस आल्यावर भरलेले पैसे आणि आधी भरलेले पैसे यात खात्याच्या चौकशीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. झेडपी शिक्षकाला जिल्हा परिषद जिल्हा सेवा वर्तणूक नियम, १९६७ लागू आहेत, आणि शिस्तीची कारवाई ४२,००० रुपयांपेक्षा कितीतरी महागात जाते. हा आकडा नोव्हेंबर २०२५ पर्यंतचे २१ हप्ते धरून. राज्याच्या 'नमो शेतकरी' योजनेची यादी पीएम किसानवरूनच होते, त्यामुळे ते हप्ते परत करायचे ते वेगळे.

कामं दोन आहेत आणि लोक एकच करतात. पोर्टलवर 'व्हॉलंटरी सरेंडर' (स्वतःहून लाभ सोडणं) केलं की पुढचे हप्ते थांबतात, पण मागचे पैसे त्यात परत जात नाहीत. त्यासाठी 'ऑनलाइन रिफंड' वेगळं आहे: आधार किंवा नोंदणी क्रमांक टाकायचा, ओटीपी, हप्त्यांवर खूण, भरणा, आणि पावतीची पीडीएफ जपून ठेवायची.

गाडी अडते ती इथे. 'यू आर नॉट एलिजिबल फॉर एनी रिफंड अमाऊंट' असा संदेश येतो. बरेच जण तो वाचून "म्हणजे काही भरायचं नाही" असं समजतात. तसं नाही. सिस्टिमच्या लेखी तो माणूस अजून पात्रच आहे, एवढाच त्याचा अर्थ. मग तालुका कृषी अधिकारी किंवा तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्यायचा: मी अमुक पदावर, अमुक तारखेपासून नियमित सेवेत, योजनेस अपात्र, रक्कम परत करायची आहे. पोच घ्यायची. भरणा कसा करायचा ते कार्यालय सांगतं. रोख रक्कम कुणाच्याही हातात द्यायची नाही, मग तो सेतूवाला असो की ओळखीचा कारकून.

ई-केवायसी सोडून देणं किंवा बँक खातं बंद करणं म्हणजे सरेंडर नव्हे. नाव यादीत राहतंच.

रानवाटा
दप्तर यांच्याशी एका बाबतीत सहमत नाही. सगळ्याच योजनांना "आधी घरात बोला" हा न्याय लावू नका. पीएम किसानमध्ये दिरांनी पैसे घेतले म्हणून गावातल्या दुसऱ्या शेतकऱ्याचं नाव कापलं जात नाही. रेशनमध्ये कापलं जातं. अन्नसुरक्षेचा राज्याचा इष्टांक सुमारे ७ कोटी लोकांचा ठरलेला आहे, वाटून तालुक्यापर्यंत येतो. तिथं एक नोकरदार घर बसलं की एखादी विधवा बाई वर्षानुवर्षं "इष्टांक शिल्लक नाही" ऐकत राहते. तिथं मी नातं बघणार नाही.

गप्प बसण्याबद्दल: पोलिसांना माहिती देणं नागरिकाला ज्या गुन्ह्यांत बंधनकारक आहे, त्यांची यादी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ मध्ये आहे. साधी फसवणूक त्यात नाही. तेव्हा तुमच्यावर काही येत नाही. मात्र त्यांची ई-केवायसी तुमच्या मिस्टरांनी आपल्या मोबाइलवरून करून दिली असेल, तर ते आजपासून बंद करा.

तक्रारीचीच वेळ आली तर निनावी पत्र टाकू नका, ते बहुतेक कारवाईविना दप्तरी दाखल होतं. पोर्टलवर गावनिहाय लाभार्थी यादी उघडी असते. त्या पानाची प्रत, दिरांचं पद, शाळेचं नाव, एवढंच पुरे. घरातलं भांडण, वाटणीचा वाद, एक ओळसुद्धा लिहू नका. ती ओळ आली की कार्यालय "कौटुंबिक वाद" असा शेरा मारून कागद बाजूला ठेवतं. आणि नाव गुप्त राहील हे गृहीत धरू नका. तालुक्याला दिलेल्या अर्जाची बातमी गावात पोचते.

धाकटी जाऊ
मोबाइल मिस्टरांचाच आहे, हे लक्षातच आलं नव्हतं. आजच बोलते. भाऊजी नाहीच म्हणाले आणि वसुली लागली तर सामाईक सातबाऱ्यावर बोजा चढतो असं ऐकलंय, खरं का?

शिवारफेरी
चढू शकतो. वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी काढली तर नोंद 'इतर हक्क' रकान्यात येते, आणि सामाईक गटावर बँक पीककर्ज देताना ती नोंद सगळ्यांना आडवी येते. भाऊजींशी बोलताना आधी हेच सांगा, सासूबाईंच्या समोर. एवढ्यावरही ऐकलं नाही तर फेरफाराची नोटीस सहधारक म्हणून तुम्हालाही येते. तिच्यावर १५ दिवसांत लेखी हरकत द्या: येणं फक्त अमुक खातेदाराचं आहे, बोजा त्यांच्या हिश्श्यापुरताच नोंदवावा. हिस्से सातबाऱ्यावर वेगळे दाखवलेले नसतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटपाचा अर्ज आत्ताच तहसीलदारांकडे टाकून ठेवा, त्याला वेळ लागतो.

दप्तर
आणि पोर्टलवरचं सरेंडर केलं की हप्ते थांबतात. म्हणून मिस्टरांच्या मोबाइलवर ओटीपी येतो तेव्हा नोंदणी क्रमांक भाऊजींचाच आहे ना, ते दोनदा बघून मगच बटण दाबा. सासूबाईंचा क्रमांक चुकून गेला तर त्यांचे हप्ते बंद पडतील.